पांढरीतले मांजर

आपल्या देशातली पहिली पशुगणना १९१९ साली झाली आणि तेव्हापासून ठरावीक वर्षांनी ती होत आली आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, गाढव, उंट, कोंबडी हे सगळे तिच्या रकान्यांत बसले. कुत्रा, ससा आणि हत्ती यांनाही जागा मिळाली. मांजराला मात्र मिळाली नाही. मेहकर तालुक्यातल्या जानेफळात प्रगणक घरोघर जातो, तेव्हा तो गोठ्यातली ढोरे विचारतो, शेळ्या विचारतो आणि ओसरीवर पसरलेल्या मांजराला वळसा घालून शेजारच्या दाराशी जातो. यात त्याची चूक काढता येत नाही. ‘हे मांजर कोणाचे?’ असे त्याने विचारले असते, तर त्याला एक नाव मिळाले नसते. जन्म एका घरी, दूध दुसऱ्या घरी, दुपारची झोप तिसऱ्या घरच्या कडब्यावर, असा त्याचा हिशेब. मला असे मांडायचे आहे की ही अनिश्चितता निष्काळजीपणातून आलेली नाही. वऱ्हाडातल्या गावगाड्यात मांजराचे स्थान पाळीव आणि भटके या दोन्हींहून वेगळे होते. ते गल्लीचे होते. म्हणून शेजारच्या मांजराशी सलगी करणे हा आगाऊपणा मानला गेला नाही. मांजर टिकले ते त्याच रिवाजाने.

आधी घरे पाहू, कारण या गोष्टीचे मूळ बांधकामात आहे. जुन्या गावाचे दोन भाग असत: वस्तीची पांढरी आणि शेतीची काळी. बुलडाणा जिल्ह्याच्या पांढरीवर धाब्याची घरे होती. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या, त्यावर मातीचा सपाट थर. एका घराची भिंत दुसऱ्याला लागून आणि एकाचे धाबे दुसऱ्याच्या धाब्याला भिडून. गल्लीच्या एका टोकाला धाब्यावर चढलेला प्राणी जमिनीला पाय न लावता दुसऱ्या टोकाला उतरू शकत असे. उंदरांनाही हीच सोय होती. भिंतीत पोखरलेले बीळ दोन्ही घरांचे असे आणि कड्यांच्या फटीत राहणारा काळा घरउंदीर कोणत्याही एका कुटुंबाचा शत्रू नसे. आत ज्वारी ढोल्यांत आणि कणग्यांत, वर्षाची बेगमी जमिनीखालच्या पेवांत, आणि कापूस निघाला की खोलीभर बोंडांचा ढीग. उंदराला सरकी ज्वारीइतकीच आवडते. १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावची रेल्वे शाखा सुरू झाली आणि तिथला कापूस बाजार देशातल्या सर्वात मोठ्या बाजारांत गणला जाऊ लागला. मेहकर-खामगाव वाटेवरच्या जानेफळासारख्या गावांत घराघरांत साठून राहणारा माल त्यामुळे वाढलाच असणार. जिथे उंदीर सामाईक आहे, तिथे एका घराने मांजर ‘आपले’ म्हणून कोंडून ठेवणे निरर्थक होते. कोंडलेले मांजर एका खोलीतले उंदीर मारील, ते भिंतीतून पुन्हा येतील. मोकळे मांजर सगळी गल्ली राखील.

माणूस आणि मांजर यांचा करार मुळातच धान्याच्या साठ्यापाशी झालेला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने घरमांजराचे मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरापर्यंत नेऊन भिडवले, म्हणजे माणसाने जिथे प्रथम धान्य पिकवले आणि साठवले त्याच पट्ट्यात. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी एका माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. आपल्याकडे सिंधू संस्कृतीच्या चान्हुदडोमध्ये ओल्या विटेवर मांजर आणि त्यामागे कुत्रा धावून गेल्याचे ठसे मिळाले. गाय-बैल माणसाने धरून, बांधून माणसाळवले. मांजराच्या बाबतीत असे झाल्याचा पुरावा नाही. ते कोठाराकडे स्वतः आले आणि कोठार जोवर भरलेले होते तोवर थांबले. म्हणजे त्याचे नाते पहिल्यापासून जागेशी जुळले, आणि त्या जागेतल्या माणसांशी ओळख नंतर झाली.

धर्मशास्त्रातही हा भेद दिसतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराचे, म्हणजे दिवाणी-फौजदारी वादांचे विषय आहेत. त्यात गुरांचा मालक आणि गुराखी यांच्यातले तंटे, हरवलेल्या जनावराची जबाबदारी, शेतात शिरलेल्या ढोरांची भरपाई हे तपशिलाने आले आहे. मांजर तिथे येत नाही. ते येते अकराव्या अध्यायात, प्रायश्चित्तांच्या प्रकरणात. मांजर मारणाऱ्याने कोणाला पैसे भरून द्यायचे नाहीत, स्वतःच्या पापाचे निवारण करायचे. मारलेल्या बैलाला मालक असतो, म्हणून नुकसानभरपाई. मारलेल्या मांजराला मालक नसतो, पण ते कोणीच नसलेलेही नाही, म्हणून प्रायश्चित्त. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही महाराष्ट्रभर ऐकू येणारी समजूत याच विचाराची लोकांनी केलेली आवृत्ती आहे. सोन्याचे मांजर कुणालाच परवडणार नव्हते, आणि न परवडणे हाच त्या समजुतीचा उपयोग होता. वऱ्हाडातल्या मुसलमान वस्तीलाही तिच्या परंपरेने जवळजवळ हाच निवाडा दिला होता. मांजराने तोंड लावलेले पाणी अशुद्ध होत नाही, कारण ते तुमच्यात सतत येजा करणाऱ्यांपैकी आहे, अशा आशयाची एक हदीस प्रसिद्ध आहे. मनुस्मृती मात्र मांजराच्या उष्ट्यालाही प्रायश्चित्त सांगते. शुद्धाशुद्धतेवर दोन्ही परंपरांचे पटत नाही, पण मांजर दाराआड करायचे नाही आणि मारायचे नाही यावर पटते. एकाच गल्लीत दोन्ही धर्मांची घरे असली, तरी मांजराच्या फेऱ्यांत त्याने खंड पडण्याचे कारण नव्हते.

मराठी लोकसमजुतीने तर त्याच्या फेऱ्यांचा आकडाही ठरवून टाकला: मांजरी आपली पिल्ले सात घरे फिरवते. मांजरी पिल्लांची जागा वरचेवर बदलते हे खरेच आहे. वास, गोंगाट किंवा बोक्याची भीती वाटली की ती पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. सात हा आकडा अर्थात लोकांचा आहे. पण त्या आकड्यात सामाजिक सोय दडली आहे. सातांपैकी कोणत्याही घरी पिल्ले निघाली, तर ती हाकलायची नसतात, कारण आज ना उद्या ती पुढच्या घरी जाणारच. पिल्लांचे ओझे कुणा एकावर पडत नाही आणि ती मोठी झाल्यावर सातही घरांशी त्यांची ओळख लहानपणीच झालेली असते. मांजराच्या पिल्लाला दोन ते सात-आठ आठवड्यांच्या वयात माणसाचा हात लागला तर ते पुढे माणसाला भीत नाही, हे आता अभ्यासकही सांगतात. शेजारच्या अंगणात बिनधास्त येऊन पाय घासणारे मांजर हे बहुधा अशाच फिरतीत वाढलेले असते.

यावर लगेच आक्षेप येतो तो अपशकुनाचा. मांजर आडवे गेले की बाहेर पडलेला माणूस थांबतो, परत फिरतो. ज्याची एवढी धास्ती त्याच्याशी गावाने मैत्री केली असेल का? धास्ती होती, यात वाद नाही. सटवाईची भीतीही अशीच आहे. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पुजली जाणारी सटवाई हे षष्ठीदेवीचेच रूप, आणि षष्ठीचे वाहन मांजर. बाळाचे नशीब लिहिणारी तीच आणि कोपली तर बाळावर संकट आणणारीही तीच. अशा देवतेजवळचा प्राणी लोक दुरून पाहणार, हे समजण्यासारखे आहे. पण अपशकुनाचे क्षेत्र नीट पाहिले, तर तो वाटेपुरता आहे. दारातून निघताना, कामाला जाताना आडवे जाणारे मांजर वाईट. तेच मांजर ढोल्यापाशी बसलेले असले तर त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. आणि ज्या गावात मांजर रोज आडवे जाण्याइतके सगळीकडे फिरते, त्या गावाने त्याला हाकलून लावलेले नसते, हे या समजुतीतूनच सिद्ध होते.

आतापर्यंतचा पुरावा ग्रंथांचा आणि समजुतींचा आहे. वऱ्हाडाच्या इतिहासात मात्र मांजरांची खरीखुरी मोजणी एकदा झाली, आणि ती मरणाच्या छायेत झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत, धान्याच्या वखारींच्या भागात, डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही दशकांत या साथीने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९०७ हे त्यातले सर्वात भीषण वर्ष ठरले. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवांकडे बोट दाखवले आणि १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी पक्की केली. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू उपाशी होते आणि माणसाकडे वळते. म्हणून घरात उंदीर मरून पडू लागले की लोक पांढरी सोडून शेतात, माळावर झोपड्या घालून राहत. त्या काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन असलेले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांच्या मनात एक साधा प्रश्न आला: काही गावे प्लेगातून सुटतात ती का? त्यांनी आपल्या भागातल्या गावांत मांजरे मोजवली. ज्या गावांत घरांच्या मानाने मांजरे भरपूर होती, तिथे प्लेग नव्हता किंवा थोडा होता, आणि जिथे मांजरे विरळ होती तिथे तो फोफावला होता, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष त्यांनी १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्लेग रोखणारी मांजरे अशा अर्थाच्या मथळ्याने छापला. त्याच वर्षी जपानच्या भेटीवर गेलेले रॉबर्ट कॉख यांनीही मांजरे पाळण्याची शिफारस केली. त्यावेळी बुलडाणा हा वऱ्हाडाच्या चार जिल्ह्यांपैकी एक होता. अमरावती आणि बुलडाणा यांची घरे, पिके आणि उंदीर एकच.

ब्युकॅनन यांच्या मोजणीची मला सर्वात महत्त्वाची वाटणारी बाजू वैद्यकीय नाही. त्यांनी मांजरांचे प्रमाण गावाच्या घरांशी लावले. संपूर्ण गाव हेच त्यांनी एकक धरले, आणि ते बरोबर होते, कारण संरक्षण मिळत असेल तर ते गावाला मिळत होते. ज्याच्याकडे मांजर नाही तोही शेजारच्या मांजरामुळे वाचत होता. सरकारी कागदांत ज्याला कधी रकाना मिळाला नाही, त्या प्राण्याला एका डॉक्टरने सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात बसवले, आणि गल्लीचे मांजर ही कल्पना नकळत आकड्यांत मांडली.

त्यांच्या निष्कर्षावरचे आक्षेप भक्कम आहेत आणि ते टाळून चालणार नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. कदाचित खात्यापित्या, मोकळ्या गावांत मांजरेही जास्त असतील आणि प्लेगही कमी. कदाचित प्लेगाच्या धावपळीत ओस पडलेल्या गावांतली मांजरे उपासमारीने आधीच घटली असतील, म्हणजे कारण आणि परिणाम उलटे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की मांजराला स्वतःलाच प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ नंतर आजारी मांजरांपासून माणसांना प्लेग झाल्याच्या नोंदी आहेत. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका पुनर्वापर केंद्रात कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात तर मांजरांनी उंदीर जवळजवळ मारलेच नाहीत. हे सगळे मान्य केले, तर मांजर हे प्लेगावरचे औषध होते असे म्हणता येत नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. पण ब्रुकलिनचा उंदीर हा गटारातला दांडगा तपकिरी उंदीर आहे, धाब्याच्या कड्यांतला काळा घरउंदीर त्याच्यापेक्षा बराच हलका. शिवाय त्याच अभ्यासात मांजर आसपास असताना उंदीर उघड्यावर येणे टाळत होते. ज्वारीच्या ढोल्याला एवढेही पुरे आहे. उंदीर मेला नाही तरी तो चुलीपाशी आणि अंथरुणापाशी कमी फिरला, तर नासाडी आणि संसर्ग दोन्ही कमी होणार. ब्युकॅनन यांचा दावा जसाच्या तसा टिकत नसला, तरी मांजरांचा फायदा गावाला सामाईकपणे मिळतो हा त्यातला गाभा टिकतो.

दुसरा आक्षेप नात्याच्या जातीबद्दल आहे. मांजर स्वार्थी, ज्याच्या घरी दूध त्याच्या घरी ते, मग याला मैत्री म्हणायचे कशाला? याचे सर्वात खोल उत्तर महाभारताच्या शांतिपर्वात आहे. जाळ्यात अडकलेला लोमश नावाचा बोका आणि शत्रूंनी घेरलेला पलित नावाचा उंदीर एकमेकांचा जीव वाचवतात. संकट टळल्यावर लोमश मैत्रीची भाषा बोलतो आणि पलित ती नम्रपणे नाकारतो. गरजेतून जुळलेले नाते गरज संपली की संपते, हे त्याला कळलेले असते. या कथेने स्वार्थाला कमी लेखलेले नाही, त्याची मुदत तेवढी सांगितली आहे. माणूस आणि मांजर यांच्या बाबतीत ती मुदत हजारो वर्षे संपलीच नाही, कारण दर हंगामात धान्य येत राहिले आणि त्यामागे उंदीर. एवढ्या लांबलेल्या स्वार्थाला वेगळे नाव द्यावे लागते. अलीकडचे संशोधनही माणसाला इथे थोडे नमते घ्यायला सांगते. झुरिकचे डेनिस टर्नर यांना दिसले की मांजराने स्वतः सुरू केलेली भेट माणसाने सुरू केलेल्या भेटीपेक्षा जास्त वेळ चालते. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात सावकाश डोळे मिचकावणाऱ्या माणसाजवळ मांजरे अधिक येत होती. ओसरीवर शांत बसावे, हात खाली ठेवावा, नजर रोखू नये, त्याला येऊ द्यावे. धान्य निवडत बसलेल्या बायका पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या, मांजर माणसाळवायचा कोणताही प्रयत्न न करता.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि तो मला सर्वात योग्य वाटतो. आता धाबी गेली, स्लॅब आले. पेवे बुजली, ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि माल शेतातून थेट बाजार समितीत जाऊ लागला. मांजर आता कुणाचे तरी असते. कुणी त्याला नाव ठेवले असते, लस दिलेली असते, त्याच्यासाठी पैसे मोजलेले असतात. अशा मांजराला शेजाऱ्याने खाऊ घालून आपल्याकडे वळवणे म्हणजे चोरीच नाही का? वळवून घेतले तर चोरीच. पण जुना रिवाज वळवून घेण्याचा नव्हता. कोंडणे त्यात बसत नव्हते, कारण कोंडलेल्या मांजराचा गल्लीला उपयोग शून्य. नव्या परिस्थितीत त्या रिवाजाला दोन-तीन जबाबदाऱ्या जोडाव्या लागतील इतकेच. पहिली विचारण्याची: ते मांजर आजारी आहे का, त्याला काय चालते. वाटीभर दूध हे आपले आवडते आतिथ्य, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, आणि त्याला जे लागते ते मांसातून मिळते, नुसत्या दूध-भाकरीतून नाही. दुसरी रेबीजची: चावा किंवा बोचकारा लागला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, मांजर कितीही ओळखीचे असले तरी. तिसरी संख्येची. सात घरांच्या फिरतीत एकेकाळी निम्मी पिल्ले दगावत असावीत. आता ती जगतात, आणि बेसुमार वाढलेली मांजरे चिमण्या-साळुंक्यांवर तुटून पडतात. तेव्हा नसबंदीचा खर्च गल्लीने वाटून घेणे हा सामाईक मांजराचा सरळ अर्थ आहे.

आणि विषाचा प्रश्न या सगळ्यांच्या वर आहे. उंदरांसाठी घरोघर ठेवल्या जाणाऱ्या गोळ्या-वड्यांपैकी ब्रोमाडिओलोनसारखी औषधे रक्त गोठू देत नाहीत. उंदीर ती खाऊन लगेच मरत नाही, काही दिवस अर्धमेला फिरतो, आणि असा सुस्त उंदीर मांजराला सहज सापडतो. एका घराने ठेवलेली वडी पाच घरांपलीकडच्या मांजराचा जीव घेते. उंदीर आजही सामाईक आहे, मांजरही सामाईक आहे, फक्त औषध ठेवण्याचा निर्णय तेवढा खासगी झाला. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मालक असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही मांजरांना छळापासून संरक्षण देतो, पण नकळत झालेल्या अशा मरणापर्यंत तो पोचत नाही. तिथे शेजारपणच पोचू शकते. जानेफळच्या आणि तशा प्रत्येक गावाच्या लोकांना माझी विनंती आहे: घरात विष ठेवण्याआधी गल्लीला सांगा, सापळ्याने भागत असेल तर सापळा लावा, आणि गावात जनावरांच्या लसीकरणाचे शिबिर लागेल तेव्हा ढोरांबरोबर आपल्या ओसरीवर येणारे मांजरही घेऊन जा, मग ते कुणाच्या का घरचे असेना.